चिटणिसाचे टेबल: विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीची वाटचाल

२३ जून १९१९ रोजी लंडनमध्ये सात स्त्रियांनी एका नव्या संस्थेच्या कागदपत्रांवर सह्या केल्या. संस्थेचे नाव विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी. स्त्री अभियंत्यांची ही जगातली सर्वांत जुनी संघटना. आज २३ जून हा स्त्री अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो, तो याच तारखेवरून. आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि कंपन्यांतही त्या दिवशी कार्यक्रम होतात, पण ही तारीख कुठून आली, हे क्वचितच सांगितले जाते. स्त्रियांच्या व्यावसायिक संघटनांवर या स्मरणिकेत काही लिहायचे तर सुरुवात या मूळ संस्थेपासूनच करावी, असे मला वाटले.

संस्था निघाली ती पहिल्या महायुद्धाच्या पोटातून. १९१४ नंतर इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि लाखो स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत शिरल्या. त्या तोफगोळे भरत, लेथवर कातकाम करत, मोजमाप तपासत. स्कॉटलंडमध्ये टंगलंड येथे गॅलोवे इंजिनिअरिंगच्या कारखान्यात तर मुलींना यंत्रकामाचे रीतसर शिक्षण दिले जात होते. न्यूकॅसलजवळच्या हीटन कारखान्यात वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांची मुलगी रेचेल संचालक मंडळावर बसली, कारण भाऊ लढाईवर गेला होता. हा भाऊ १९१८ मध्ये मारला गेला. लेडी मार्गारेट मॉयर स्वतः लेथवर उभ्या राहिल्या. इतकेच नव्हे, आठवडाभर राबणाऱ्या कामगार स्त्रियांना सुट्टी मिळावी म्हणून शनिवार-रविवारी त्यांच्या जागी काम करणाऱ्या बदली स्त्रियांची फळी त्यांनी उभी केली.

पण या सगळ्या कामाला एक अट होती. १९१५ मध्ये सरकार आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला होता, की कुशल कामावर स्त्रियांना घेऊ, पण युद्ध संपले की सगळे पूर्ववत करायचे. १९१९ च्या कायद्याने हा करार अंमलात आणला. चार वर्षे सूक्ष्म मापाची कामे करणाऱ्या हातांना आता कारखान्यात जागा उरली नाही. अभियंत्यांची मोठी कामगार संघटना स्त्रियांना सभासदच करून घेत नव्हती, त्यामुळे तक्रार मांडायलाही ठिकाण नव्हते. स्त्रियांच्या मार्गातल्या अडचणींविषयी बोलताना आपण ‘समाजाची मानसिकता’ असा शब्द वापरतो आणि तिथेच थांबतो. इथे मानसिकता होतीच, पण तिच्यावर करार, कलमे आणि शिक्के होते. अशा लेखी नकाराला उत्तरही नोंदणीकृत, घटना असलेल्या, वर्गणी घेणाऱ्या संस्थेनेच द्यावे लागते, हे त्या सात जणींनी नेमके ओळखले.

या सात जणी कोण होत्या? रेचेल पार्सन्स आणि त्यांच्या आई लेडी कॅथरिन, मार्गारेट मॉयर, लॉरा ॲनी विल्सन, मार्गारेट रोबॉथम, एलिनॉर शेली-रोल्स आणि जॅनेटा ऑर्न्सबी. एलिनॉर या रोल्स-रॉइसमधल्या रोल्स यांच्या भगिनी. म्हणजे घरचे वजन असलेल्या, पैशाची ददात नसलेल्या स्त्रियाच यात अधिक. पण हॅलिफॅक्सच्या लॉरा विल्सन यांची कहाणी वेगळी आहे. मताधिकाराच्या चळवळीत १९०७ मध्ये त्या तुरुंगात जाऊन आल्या होत्या आणि पुढे त्यांनी कामगारांसाठी गॅस आणि विजेची सोय असलेली घरे बांधली. रेचेल पार्सन्स संस्थेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात यंत्रशास्त्र शिकल्या, पण पदवी त्यांना मिळाली नाही, कारण केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडू दिले. याच न्यूनहॅममध्ये पुढे आपल्या कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या कमला सोहोनी, दाखल झाल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. होऊन परतल्या, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते.

श्रीमंत घरच्या स्त्रियांनी काढलेली संस्था म्हणून तिला नाके मुरडणारे तेव्हाही होते. मला मात्र त्या संस्थापकांचा मोठेपणा यातच दिसतो, की आपल्याला गरज नसलेली गोष्ट त्यांनी गरज असलेल्यांसाठी उभी केली, आणि पहिल्याच फटक्यात एक फार शहाणपणाचा निर्णय घेतला. त्यांनी पगारी चिटणीस नेमला.

ही चिटणीस म्हणजे कॅरोलिन हॅस्लेट. वय तेविशी-चोविशीचे. कॉक्रन कंपनीत, म्हणजे बॉयलर बनवणाऱ्या कारखानदारांकडे, त्या कारकून म्हणून लागल्या आणि युद्धाच्या काळात हट्टाने कारखान्यात जाऊन काम शिकल्या. नव्या संस्थेची जाहिरात वाचून त्यांनी अर्ज केला. मग एक टेबल, एक टाइपरायटर आणि पत्रांचा ढीग एवढ्यावर संस्थेचा संसार सुरू झाला. डिसेंबर १९१९ मध्ये ‘द वुमन इंजिनिअर’ हे मुखपत्र निघाले आणि त्याच्या संपादकही हॅस्लेटबाईच.

या मुखपत्राचे जुने अंक आज संगणकावर वाचता येतात. ते चाळताना कळते, की ही नुसती प्रचारपत्रिका नव्हती. त्यात तांत्रिक लेख आहेत, कोण कुठे रुजू झाली याच्या नोंदी आहेत, परीक्षांचे निकाल आहेत, सभासदांची पत्रे आहेत. एखाद्या आडगावच्या वर्कशॉपमध्ये एकटीच काम करणाऱ्या मुलीला या अंकातून कळत असे, की आपल्यासारखी आणखी एक जण मँचेस्टरमध्ये मोटारींची डिझाइन करते आहे. पुरुषांना ही माहिती वेगळी मिळवावी लागत नव्हती. ती त्यांना वडिलांच्या ओळखीतून, क्लबमधून, संस्थेच्या जेवणावळीतून आपोआप मिळे. कोणाकडे जागा आहे, कोणता साहेब बरा, कोणत्या परीक्षेला बसावे, पगार किती मागावा, ही सगळी माहिती बोलण्यातून फिरत असते आणि ज्या खोलीत आपल्याला प्रवेश नाही, त्या खोलीतले बोलणे आपल्यापर्यंत पोचत नाही. हॅस्लेटबाईंच्या टेबलाने हे बोलणे कागदावर आणले आणि पोस्टाने घरोघर पाठवले. संस्थेचे सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर मी ठरावांचे आणि परिषदांचे नाव घेणार नाही, मी या पत्रव्यवहाराचे नाव घेईन.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. डेव्हनमध्ये मार्गारेट पार्ट्रिज नावाच्या बाई विजेचे ठेके घेत. बॅम्पटनसारख्या छोट्या गावांत त्यांनी वीज आणली. त्यांना हाताखाली शिकाऊ मुली हव्या असत आणि त्या मुली संस्थेच्या ओळखीतून मिळत. अशीच बिअट्रिस शिलिंग ही सतरा वर्षांची मुलगी त्यांच्याकडे उमेदवारीला आली. लहानपणी खेळण्यांऐवजी हत्यारे मागणारी, मोटारसायकल खोलून जोडणारी. पार्ट्रिजबाईंकडे तिने वायरिंग केले, जनित्रे चालवली आणि त्यांच्याच आग्रहावरून मँचेस्टर विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीला गेली. १९३६ मध्ये ती फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात रुजू झाली.

पुढचा प्रसंग दुसऱ्या महायुद्धातला. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांचे मर्लिन इंजिन एका ठिकाणी दगा देत असे. शत्रूचा पाठलाग करताना वैमानिकाने नाक खाली दाबून एकदम सूर मारला, की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल वर उसळे. इंजिन क्षणभर उपाशी राही आणि मग त्यात इतके पेट्रोल शिरे, की ते गुदमरून बंद पडे. जर्मन इंजिनांत पेट्रोल थेट फवारले जाई, त्यांना हा त्रास नव्हता. १९४१ च्या सुरुवातीला शिलिंगबाईंनी यावर जो उपाय काढला तो तळहातावर मावेल एवढा होता. पेट्रोलच्या वाटेत बसवायची धातूची एक चकती आणि तिला एक भोक. पूर्ण ताकदीला इंजिन जितके पेट्रोल घेते तितकेच त्या भोकातून जाईल, जास्त नाही, असे त्याचे माप. चकती बसवायला विमान कामातून काढावे लागत नव्हते. लहानशी तुकडी घेऊन बाई स्वतः विमानतळोविमानतळी फिरल्या आणि चकत्या बसवून घेतल्या. मूळ दोषावर कायमचा इलाज पुढे नव्या कार्ब्युरेटरने झाला, पण तोवर कित्येक वैमानिकांचे प्राण त्या भोकाने राखले.

शिलिंगबाई हुशार होत्याच, त्या कुठेही चमकल्या असत्या, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. सतराव्या वर्षी त्यांच्या हातात विजेचे काम देणारी बाई त्यांना भेटली नसती, तर ही हुशारी कुठे गेली असती ते सांगता येत नाही. आणि ती बाई भेटली, कारण दोघींचेही पत्ते एका टेबलावर आले होते.

याच पार्ट्रिजबाईंच्या कामातून संस्थेची एक महत्त्वाची लढाई उभी राहिली. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने स्त्रियांना उद्योगात रात्रपाळी देऊ नये, असा करार केला होता. गिरणी कामगार स्त्रियांची पिळवणूक थांबवणे हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण वीज रात्रीच जास्त लागते. छोट्या वीजकेंद्राची जबाबदारी घेतलेली स्त्री अभियंता अंधार पडला की घरी जाणार कशी? कारखान्यात ‘तुम्हाला रात्री ठेवता येत नाही’ असे म्हटले की वरची जागा आपोआप पुरुषाकडे जाई. संस्थेने हा प्रश्न लावून धरला. तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९३२ मध्ये न्यायालयाने सांगितले, की कराराची भाषा पाहता देखरेखीच्या जागेवरील स्त्रियाही या बंदीत येतात. म्हणजे भाषाच बदलायला हवी होती. १९३४ च्या दुरुस्त करारात व्यवस्थापनाच्या जबाबदार पदावरील, अंगमेहनतीचे काम न करणाऱ्या स्त्रियांना सूट मिळाली. हे वाचताना आपला १९४८ चा फॅक्टरीज ॲक्ट आठवल्याशिवाय राहत नाही. त्यातील ६६ व्या कलमाने कारखान्यात स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत काम देण्याचा नियम घातला. आपल्यापैकी ज्यांनी उत्पादन विभागात नोकरी मागितली असेल, त्यांना या कलमाचा दाखला मुलाखतीत ऐकावा लागला असेलच.

सगळेच प्रयत्न साधले असे नाही. संस्थेतल्या काही जणींनी १९२० मध्ये ‘अटालांटा’ नावाची स्त्रियांनीच चालवलेली इंजिनिअरिंग कंपनी काढली, ती काही वर्षांत आटोपली. मंदीच्या काळात जागा मिळणे आणखी अवघड झाले. मात्र १९२४ मध्ये हॅस्लेटबाईंनी विजेच्या घरगुती वापराविषयी स्त्रियांना शिकवणारी इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन ही जोडसंस्था काढली आणि तिचा पसारा मूळ संस्थेपेक्षा मोठा झाला. फ्यूज कसा बदलायचा, मीटर कसा वाचायचा, हे तिथे गृहिणींना शिकवले जाई. या अनुभवामुळेच युद्धानंतरच्या घरांतील वायरिंग कसे असावे हे ठरवणाऱ्या वीस जणांच्या समितीत हॅस्लेटबाई एकट्या स्त्री सभासद होत्या. लहान मुलांनी सॉकेटमध्ये बोटे घालू नयेत म्हणून आत झडप असलेले ब्रिटिश सॉकेट आणि तीन चौकोनी पिनांचा प्लग हे त्या समितीच्या कामाचे फळ आहे.

१९३४ ते १९३७ या काळात संस्थेच्या अध्यक्षा होत्या एमी जॉन्सन. १९३० मध्ये एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमान नेणारी ही तरुणी वाटेत कराची, झाशी, अलाहाबाद, कलकत्ता अशी उतरत गेली होती. त्यांची कीर्ती वैमानिक म्हणून, पण विमानाच्या इंजिनांची देखभाल करण्याचा परवानाही त्यांनी परीक्षा देऊन मिळवला होता, म्हणून त्या या संस्थेच्या. मँचेस्टरच्या गर्ट्रूड एंटविसल यांचे नाव मात्र कोणाला ठाऊक नसते. १९१५ ला त्या कारखान्यात शिरल्या, पुढे मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स झालेल्या त्या कंपनीत विजेच्या मोटारींची डिझाइन करत राहिल्या आणि १९५४ मध्ये तिथूनच निवृत्त झाल्या. उद्योगात पूर्ण नोकरी करून निवृत्त होणारी ब्रिटनमधली पहिली स्त्री अभियंता म्हणून त्यांची नोंद आहे. विक्रमवीर स्त्रीकडे पाहून मुलींना उमेद येते हे खरे, पण चाळीस वर्षे टिकलेली एंटविसलबाई पाहून त्यांना खात्री पटते. संस्थेने दोघींनाही अध्यक्षपद दिले.

मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स ही ज्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या समूहातली कंपनी, त्याच समूहाच्या कलकत्ता कचेरीत १९४८ मध्ये एक भारतीय स्त्री अभियंता रुजू झाली. तिचे नाव ए. ललिता. योगायोग असा, की त्यांचा जन्म १९१९ च्या ऑगस्टमधला, म्हणजे संस्था स्थापन झाल्यानंतर दोनच महिन्यांनी. मद्रासच्या तेलुगू कुटुंबातल्या या मुलीचे पंधराव्या वर्षी लग्न झाले आणि अठराव्या वर्षी, पदरात चार महिन्यांची मुलगी असताना, वैधव्य आले. वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी परवानगी काढून मुलीला तिथे प्रवेश मिळवून दिला. ललिता १९४३ मध्ये विद्युत अभियंता झाल्या. त्यांच्याबरोबर सिव्हिलच्या दोन मुली होत्या. प्रमाणपत्रावर छापील मजकूर ‘तो’चा होता, तो खोडून हाताने ‘ती’ लिहावे लागले.

जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारी, सिमल्याला सरकारी नोकरी, काही काळ वडिलांना संशोधनात मदत आणि मग कलकत्ता, असा त्यांचा प्रवास. कलकत्ता निवडले कारण भाऊ तिथे राहत होता आणि मुलीकडे पाहायला घरचे माणूस होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्त्रीच्या नोकरीचा नकाशा पगारापेक्षाही मूल कोण सांभाळणार यावरच ठरतो, हे आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे. कलकत्त्यात त्यांनी पारेषण वाहिन्यांची डिझाइन केली, सबस्टेशनचे आराखडे केले. भाक्रा-नांगलच्या वीजयंत्रणेच्या कामातही त्यांचा वाटा होता.

१९६४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला स्त्री अभियंते आणि वैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ती भरवली होती अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्सने, म्हणजे लंडनच्या संस्थेनंतर एकतीस वर्षांनी, १९५० मध्ये, स्थापन झालेल्या धाकट्या बहिणीने. भारतात तेव्हा अशी संघटनाच नव्हती, त्यामुळे ललिता कोणाच्याही प्रतिनिधी न होता स्वतःच्या नावावर गेल्या. पुढच्या वर्षी त्या लंडनच्या संस्थेच्या सभासद झाल्या. दुसरी परिषद १९६७ मध्ये केंब्रिजला विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीने भरवली. त्या परिषदेला भारतातून स्त्री अभियंत्या जाव्यात म्हणून ललितांनी खटपट केली आणि त्या गेल्याही. एकटी गेलेली बाई पुढच्या खेपेला चार जणींना वाट दाखवते. संघटनेचे काम याहून वेगळे काय असते! १९७७ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि दोनच वर्षांनी वारल्या.

त्यानंतरच्या काळातले एकच काम सांगतो, कारण ते आपल्याही उपयोगाचे आहे. डॅफ्नी जॅक्सन या ब्रिटनमधल्या भौतिकशास्त्राच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक, १९७१ पासून सरे विद्यापीठात. १९८३ ते १९८५ त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. उत्तम शिकलेल्या स्त्रिया मुलांसाठी काही वर्षे घरी राहतात आणि परत यायचे म्हटले की त्यांचे ज्ञान शिळे ठरवले जाते, हे त्यांनी पाहिले. १९८५ मध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी अर्धवेळ शिष्यवृत्तीची योजना प्रायोगिक म्हणून सुरू केली. प्रयोगशाळेत परत यायचे, पण रोज अर्धाच दिवस, आणि मधल्या काळात मागे पडलेले शिकून घ्यायचे. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले, पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा न्यास स्थापन झाला आणि ती योजना अजून चालू आहे. आपल्याकडे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून खंड पडलेल्या स्त्री वैज्ञानिकांसाठी योजना आणली, तिचा गाभाही हाच. आणि मुंबईत १९७३ मध्ये स्त्री वैज्ञानिकांनी काढलेल्या इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनने वाशीला वास्तू उभी केली तेव्हा तिथे ग्रंथालयाबरोबर नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर केले. गरज कुठे आहे हे तिला अचूक कळले होते.

२०१९ मध्ये लंडनच्या संस्थेला शंभर वर्षे झाली. त्या सुमारास ब्रिटनमधल्या अभियंत्यांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम बारा टक्के होते. शतकभर काम करून एवढेच, असे वाटू शकते. संघटना एकटीने कारखाने, विद्यापीठे आणि घरे बदलू शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण या शंभर वर्षांत मंदी आली, युद्धे आली, सभासद घटले, पैसे संपत आले, तरी मुखपत्र निघत राहिले आणि पत्राला उत्तर जात राहिले. नवी मुलगी दारात आली तेव्हा दार उघडायला कोणीतरी होते.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांना म्हणून माझी विनंती आहे. आपल्या शहरातल्या स्त्री अभियंता आणि वैज्ञानिकांच्या संघटनेचे सभासदत्व घ्या, वर्गणी वेळेवर भरा आणि तिचे कार्यालय चालवणाऱ्या व्यक्तीला मानधन मिळेल अशी तजवीज करा. आपल्या कंपनीत किंवा संस्थेत जागा निघाली की ती आधी तिथे कळवा. निवृत्त झालेल्या सभासदांचे अनुभव, फोटो, जुनी पत्रे गोळा करून ठेवा. आणि येत्या महिन्यात नुकतीच पास झालेली एक तरी मुलगी शोधून तिचे नाव चिटणिसांकडे पाठवा.